साउंड सेन्सर ऐकतो, मोजत नाही

सोलापूरच्या पूर्व भागात साखर पेठेकडून अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना यंत्रमागांचा आवाज भिंती ओलांडून रस्त्यावर येतो. धोट्याचा माग मिनिटाला साधारण शंभर ते दीडशे वेळा धोटा फेकतो, आणि एका शेडमध्ये असे कितीतरी माग एकदम चालू असतात. बाहेरच्या माणसाला तो सगळा एकच गोंगाट वाटतो. मुरलेल्या विणकराचं तसं नसतं. आपल्या वाट्याच्या मागांपैकी एखाद्याचा ठोका बिघडला, तर पाठ फिरवून उभा असतानाही त्याच्या लक्षात येतं. त्याचा कान दोन कामं करतो. आवाज आहे की नाही हे तो ओळखतो, आणि आवाज कसा आहे, कुठून येतो, किती आहे हेही ओळखतो. बाजारात शंभर-दीडशे रुपयांत मिळणारं साउंड सेन्सर मॉड्यूल यातलं फक्त पहिलं काम करतं. ते काम ते चोख करतं. अडचण होते ती त्याच्याकडून दुसऱ्या कामाची अपेक्षा केल्यावर.

ही अपेक्षा सर्रास केली जाते. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून शाळांत येऊ लागल्या आणि आर्डुइनो, सेन्सर, जोडतारा हे शब्द सहावी-सातवीच्या मुलांच्या तोंडी आले. ही फार चांगली गोष्ट झाली. विज्ञान प्रदर्शनांत ‘ध्वनिप्रदूषण मापक यंत्र’ असा फलक हमखास दिसतो. त्याखाली आर्डुइनो ही प्रोग्रॅम करता येणारी पाटी, साउंड सेन्सरची एक छोटी पाटी, एक पडदा आणि पडद्यावर डेसिबलमध्ये सरकणारे आकडे. मुलांनी मेहनत घेतलेली असते, पण आकडे खरे नसतात. ते का खरे नसतात, हे कळायला आधी सेन्सरची पाटी नीट पाहायला हवी.

केवाय-०३७ आणि केवाय-०३८ या नावांनी विकल्या जाणाऱ्या पाट्या सगळ्यांत जास्त खपतात. पहिलीवर मोठा मायक्रोफोन असतो, दुसरीवर छोटा, बाकी रचना जवळपास एकच. एका टोकाला धातूची गोल डबी असते, तोच मायक्रोफोन. मध्ये आठ पायांची एक काळी चिप, एलएम ३९३. तिच्याजवळ वर पितळी स्क्रू असलेला निळा चौकोनी ठोकळा, दोन छोटे एलईडी आणि दुसऱ्या टोकाला चार पाय: वीज, ग्राउंड, ए-झिरो आणि डी-झिरो.

त्या गोल डबीचा इतिहास सांगण्याजोगा आहे. पूर्वीच्या कंडेन्सर मायक्रोफोनला पडद्यावर विद्युतभार टिकवण्यासाठी बाहेरून बराच जास्त व्होल्टेज द्यावा लागे, म्हणून तो स्टुडिओपुरताच राहिला. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी प्लास्टिकच्या पातळ पडद्यातच विद्युतभार कायमचा कोंडून ठेवला. अशा पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. आवाजाच्या दाबाने पडदा हलतो, पडदा आणि मागची पट्टी यांतलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर व्होल्टेज बदलतो. डबीतच बसवलेला एक बारीक ट्रान्झिस्टर हा नाजूक बदल बाहेर काढण्याजोगा करतो. काही व्होल्टवर चालणारा, दोन तारांचा, काही रुपयांचा मायक्रोफोन यातून जन्मला. टेपरेकॉर्डर, टेलिफोन, श्रवणयंत्रं या सगळ्यांत तो गेला.

आता चिपकडे वळू. एलएम ३९३ हा तुलनाकार आहे. त्याला दोन व्होल्टेज दिले की कोणता जास्त आहे एवढंच तो सांगतो. इथे एक व्होल्टेज मायक्रोफोनकडून येतो आणि दुसरा निळ्या ठोकळ्यातल्या स्क्रूने ठरवलेला असतो, तो उंबरठा. मायक्रोफोनचा व्होल्टेज उंबरठ्यापलीकडे गेला की डी-झिरो पायाची स्थिती बदलते आणि एलईडी लागतो. किती पलीकडे गेला, थोडा की पुष्कळ, याची कसलीही नोंद त्या पायावर नसते. एक सावधगिरी मात्र बाळगा. काही पाट्यांवर आवाज आला की हा पाय पाच व्होल्टवर जातो, काहींवर शून्यावर येतो. दुकानदाराने दिलेल्या किंवा कुठून तरी उतरवलेल्या प्रोग्रॅमवर भिस्त न ठेवता आपल्या पाटीचा पाय शांततेत कोणत्या स्थितीत असतो, ते आधी तपासा.

‘मॉड्यूल चालतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा स्क्रूपाशी येऊन थांबते. हा स्क्रू रेडिओच्या बटणासारखा एका फेऱ्यात संपत नाही. त्याला वीस-पंचवीस फेरे असतात आणि कामाचा भाग त्यातला अगदी छोटा. पाच-सहा फेरे देऊनही काही घडलं नाही तर पाटी बाद समजू नका. खोली शांत ठेवा, पंखा बंद करा, आवाजाचा एलईडी कायम पेटेपर्यंत स्क्रू एका दिशेने फिरवत राहा. मग उलट दिशेने हळूहळू येत तो जिथे विझतो तिथे थांबा आणि आणखी थोडंसं पुढे जा. आता एका हाताच्या अंतरावरून चुटकी वाजवली तर एलईडी लुकलुकायला हवा. पंखा बंद करायला सांगितलं त्याला कारण आहे. पंख्याचा वारा थेट मायक्रोफोनवर आला की पडदा हलतो आणि पाटीला तो आवाजच वाटतो. वारा टाळता येत नसेल तर डबीवर स्पंजचा तुकडा बसवा.

राहिला ए-झिरो. या पायावर मायक्रोफोनचा व्होल्टेज जसाच्या तसा येतो, म्हणून मुलं तिथून आकडा वाचून त्याला डेसिबल म्हणतात. इथे थोडं गणित करून पाहू. आर्डुइनो उनो पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. अशा मायक्रोफोनमधून एका पास्कल दाबाला साधारण पाच ते दहा मिलिव्होल्ट मिळतात. एक मीटरवरून आपण सहज बोलतो तेव्हा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो आणि त्याचा दाब ०.०२ पास्कल. म्हणजे व्होल्टेजचा बदल ०.१ ते ०.२ मिलिव्होल्ट. आर्डुइनोची एक पायरीसुद्धा त्याने चढली जात नाही. आता यंत्रमागांच्या शेडमध्ये जाऊ. तिथे आवाज शंभर डेसिबलच्या आसपास धरला तर दाब होतो दोन पास्कल, व्होल्टेज दहा ते वीस मिलिव्होल्ट आणि पायऱ्या दोन ते चार. कानठळ्या बसवणारी शेड आणि बंद खोली यांत १०२४ पैकी अवघ्या दोन-चार पायऱ्यांचा फरक! तेवढा फरक संगणकाच्या यूएसबी केबलमधून येणाऱ्या विजेच्या कुरबुरीनेही पडतो. पाटीवर मायक्रोफोनचा संकेत मोठा करणारा ॲम्प्लिफायरच नाही, हे यामागचं कारण. एलएम ३९३ ची जागा पाहून अनेकांना तो ॲम्प्लिफायर वाटतो, पण त्याचं काम तुलना करणं एवढंच आहे.

मग ही पाटी निकामी का? मुळीच नाही. ‘आता आवाज झाला का?’ या प्रश्नाचं उत्तर ज्यात पुरतं, अशी कामं घरात भरपूर आहेत. मला सगळ्यांत आवडतं ते कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र. जोडणी तीन तारांची असते, कस सगळा प्रोग्रॅमचा लागतो. उंबरठा ओलांडला की शिट्टी मोजली, असा प्रोग्रॅम लिहिला तर भांडं पडलं तरी एक शिट्टी आणि दार आपटलं तरी एक शिट्टी. शिवाय आवाज म्हणजे लाट, ती सेकंदात शेकडो वेळा वरखाली होते, त्यामुळे खऱ्या एका शिट्टीच्याही शेकडो शिट्ट्या मोजल्या जातात.

उपाय वेळेत आहे. काळाचे ५० मिलिसेकंदांचे तुकडे पाडा. एखाद्या तुकड्यात डी-झिरो एकदा जरी हलला, तर तो तुकडा ‘आवाजाचा’ धरा. दोन सेकंदांत असे चाळीस तुकडे येतात. त्यातले तीसच्या वर आवाजाचे निघाले तर काहीतरी सलग वाजतंय, शिट्टी असू शकते. पडलेलं भांडं चार-पाच तुकड्यांत गप्प होतं, ते आपोआप गळतं. पण शेंगाचटणीसाठी मिक्सर लावला तर तोही सलग वाजतो. म्हणून वरची मर्यादाही हवी: आवाज दहा सेकंदांच्या पुढे चालला तर ती शिट्टी नव्हे. शिट्टी मोजल्यावर थोडा वेळ कान बंद ठेवायचे, म्हणजे अडखळत येणारी एक शिट्टी दोनदा मोजली जात नाही. हे आकडे माझ्याकडून जसेच्या तसे घेऊ नका. आपल्या कुकरची शिट्टी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघा आणि त्यावरून ठरवा. पाटी वाफेपासून दूर ठेवा, दमटपणा इलेक्ट्रेटला मानवत नाही. आवाज किती मोठा, हे न विचारता आवाज किती वेळ टिकला, हे विचारून केवढं काम होतं, ते या एका यंत्रातून मुलांना कळतं.

टाळी वाजवून दिवा लावणं हा तर सगळ्यांचा पहिला प्रयोग. ट्रान्झिस्टर आणि ५५५ चिपच्या काळापासून तो चालत आला आहे. त्यात एकच खोच सांगतो. दिवा चालूबंद करणारा रिले स्वतः ‘टक्’ असा आवाज करतो, तो शेजारच्या मायक्रोफोनला ऐकू जातो आणि दिवा लागताच विझतो. रिले हलल्यावर काही शे मिलिसेकंद सेन्सरकडे दुर्लक्ष करा, शक्य तर रिले वेगळ्या खोक्यात ठेवा. २३० व्होल्टची जोडणी मुलांनी एकट्याने करू नये. शाळेच्या प्रयोगाला पाच व्होल्टचा एलईडी पुरतो.

होकार-नकार देणाऱ्या या पाटीतून खरं मोजमापही काढता येतं, पण ते आवाजाच्या पातळीचं नसतं, वेळेचं असतं. ध्वनीचा वेग मोजण्याचा प्रयोग त्यासाठी करावा. सोलापुरात तो करण्यात वेगळीच मजा आहे. दोन सारख्या पाट्या एका सरळ रेषेत पाच मीटर अंतरावर ठेवा. दोन्हींचे डी-झिरो पाय उनोच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या पायांना जोडा. पायाची स्थिती बदलताच हातातलं काम सोडून वेळ टिपण्याची सोय उनोत या दोन पायांना आहे, आणि तो वेळ चार मायक्रोसेकंदांपर्यंत बारीक सांगतो. रेषेतच, पहिल्या पाटीच्या अलीकडे, दोन फळ्या एकमेकींवर जोरात आपटा. आवाज पहिल्या पाटीकडून दुसरीकडे किती वेळात गेला ते मिळेल. अंतर भागिले वेळ म्हणजे वेग.

हवेतला ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, दर अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. जानेवारीतल्या सकाळी १५ अंशांना तो ३४० मीटरच्या आसपास असतो. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तो सुमारे ३५७ होतो. पाच मीटर जायला थंडीत १४.७ मिलिसेकंद लागतात, उन्हाळ्यात १४. हा ०.७ मिलिसेकंदांचा फरक या स्वस्त पाट्या पकडू शकतात. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत एकदा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा हाच प्रयोग करून एखाद्या मुलीने आपल्या गावातला ध्वनीचा वेग दोन ऋतूंत मोजून दाखवला, तर मी त्या प्रयोगाला पहिला क्रमांक देईन.

त्यात एक फसवी जागा आहे. दूरच्या पाटीपर्यंत आवाज क्षीण होऊन पोचतो. लाटेच्या पहिल्या उंचवट्याने उंबरठा ओलांडला नाही आणि दुसऱ्याने ओलांडला, तर वेळेत एका आवर्तनाची चूक येते. एक किलोहर्ट्झच्या आवाजाला ती चूक पूर्ण एक मिलिसेकंदाची, म्हणजे आपल्याला शोधायच्या फरकापेक्षाही मोठी! म्हणून आवाज तीक्ष्ण हवा, आणि पाट्यांच्या जागांची अदलाबदल करून पुन्हा वेळ घ्यायला हवा. दोन्हींची सरासरी काढली की पाट्यांच्या संवेदनशीलतेतला फरक बराचसा कटतो. अनेकदा मोजून विसंगत आकडे बाजूला काढणं हाही प्रयोगाचाच भाग, आणि ती वही प्रदर्शनात यंत्राशेजारी ठेवावी.

आता त्या फलकावरच्या ‘ध्वनिप्रदूषण’ शब्दाकडे येऊ. केंद्राच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, जे २००० साली आले, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ६५, आणि रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र धरली जाते दहा ते सहा. हे आकडे एका क्षणाचे नसतात, ठरावीक काळातल्या ध्वनिऊर्जेच्या सरासरीचे असतात. त्यांत मानवी कानाच्या स्वभावाप्रमाणे दुरुस्तीही केलेली असते. आपला कान खालच्या पट्टीच्या घुमणाऱ्या आवाजांना कमी संवेदनशील आहे, म्हणून मोजमापात त्यांचं वजन कमी धरतात. डेसिबलची पट्टीही साधी चढत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. उंबरठा ओलांडला की नाही एवढंच सांगणारी पाटी सरासरी काढू शकत नाही, घुमणारा आवाज आणि किणकिणाट वेगळे करू शकत नाही आणि दहापट वाढही तिला दिसत नाही.

सोलापुरात हा विषय पुस्तकी नाही. गणेशोत्सवात लेझीमच्या ताफ्यांमागे भिंतीएवढे स्पीकर उभे राहतात, त्यावरून वाद होतात. त्याहून गंभीर आणि कमी बोललं जाणारं दुखणं आहे यंत्रमाग कामगारांच्या कानांचं. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ९० डेसिबलच्या आवाजात आठ तास ही मर्यादा मानली जाते. आवाज १०० डेसिबल झाला की ती दोन तासांवर येते. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये पूर्ण पाळी काढणाऱ्या माणसाचे कान या हिशेबात कुठे बसतात, ते सांगायला नको. ऐकू येणं हळूहळू कमी होतं, दुखत काही नाही, आणि गेलेलं परत येत नाही. ज्या घरांतले वडील किंवा आजोबा मागावर होते, त्या घरांतल्या मुलांनी हा प्रकल्प घ्यावासा वाटणं अगदी साहजिक आहे. त्यांना खोटा आकडा देणारं यंत्र हाती देणं मला अन्यायाचं वाटतं.

त्यांनी काय वापरावं? शब्द, सूर, चढउतार टिपायचे असतील तर ॲम्प्लिफायर असलेली पाटी घ्यावी. मॅक्स ४४६६ मध्ये २५ ते १२५ पट वाढ स्क्रूने ठरवता येते. मॅक्स ९८१४ ही वाढ आपणहून कमीजास्त करते. बोलणं टिपायला ते उत्तम, पण मोजायला घातक, कारण मोठा आवाज ती स्वतःच लहान करून टाकते. डेसिबलच्या जवळ जायचं तर आयएनएमपी ४४१ हा डिजिटल मायक्रोफोन ईएसपी ३२ बरोबर वापरावा. ९४ डेसिबलच्या आवाजाला तो आपल्या कमाल पातळीच्या २६ डेसिबल खालचा आकडा देतो, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. म्हणजे मिळालेल्या आकड्यात १२० मिळवले की आवाजाची पातळी निघते. नगागणिक दोन-तीन डेसिबलचा फरक राहतोच. तो कळण्यासाठी शेजारी प्रमाणित ध्वनिमापक ठेवून ताडून पाहायला हवं. गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा भौतिकशास्त्र विभागात ध्वनिमापकाची विचारणा करून पाहावी.

मागावरच काम करायचं असेल, तर त्याहून सोपी वाट आहे. शेडमध्ये हवेतून येणारा आवाज सगळ्या मागांचा मिळून असतो, त्यातून एक माग वेगळा काढणं कोणत्याच साध्या मायक्रोफोनला जमणार नाही. पण प्रत्येक मागाचा ठोका त्याच्या लोखंडी सांगाड्यातून सगळ्यांत जोरात जातो. बझरमध्ये असते ती पितळी पिझो चकती सांगाड्याला घट्ट चिकटवा, दोन तारांमध्ये एक मेगाओहमचा रेझिस्टर लावा आणि आर्डुइनोला जोडा. जोराच्या ठोक्याला चकती पाचाहून बरेच जास्त व्होल्ट देऊ शकते, म्हणून आर्डुइनोच्या पायाआधी झेनर डायोडचं संरक्षणही हवं. आता ठोके मोजता येतात. समजा माग मिनिटाला १२० ठोके देतो आणि कापडात इंचाला ४० बाणे, म्हणजे आडवे धागे, बसतात, तर मिनिटाला तीन इंच आणि तासाला पाच यार्ड कापड विणलं जातं. माग किती वेळ चालला, किती वेळ थांबला, कापड किती निघालं, सगळं या मोजणीतून निघतं. नव्या बिनधोट्याच्या मागांना ही सोय कारखान्यातूनच येते. जुन्या मागाला ती थोड्या पैशांत लावता येईल.

एक विनंती शिक्षकांना आणि प्रदर्शनातल्या परीक्षकांना. केवाय-०३७ वर उभ्या केलेल्या यंत्रापुढे डेसिबलचे आकडे दिसले, तर मुलांना एवढंच विचारा: हा आकडा कोणत्या ध्वनिमापकाशी ताडून पाहिलात? उत्तर नसेल तर फलकावरचं ‘मापक’ खोडून ‘सूचक’ लिहायला सांगा, आणि त्याखाली उंबरठा कुठे लावला, आवाज किती अंतरावरून केला, किती वेळा तपासलं, एवढं मांडायला सांगा. ही माहिती नीट मांडणाऱ्या मुलांना पैकीच्या पैकी गुण द्या.